भरायची मिरची आणि तिच्या पोटातले पाणी

आमच्या घरी भरली मिरची महिन्यातून तीन-चार वेळा तरी होते. लग्नाला एकवीस वर्षे झाल्यावर आता मला एवढे निश्चित सांगता येते की, हा पदार्थ जेव्हा जेव्हा माझ्या हातून बिघडला, तेव्हा दोष मसाल्याचा नव्हता, पाण्याचा होता. कधी मिरचीने सोडलेले पाणी सारणात मुरून त्याचा चिकट लगदा झाला, कधी पाणी वेळेआधीच आटून मिरची बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली, तर कधी मुळात मिरचीच शिळी निवडली गेली आणि कितीही शिजवली तरी तिची साल दातांत अडकत राहिली. पाककृती विचारणाऱ्या बहुतेक जणी सारणात काय काय घातले ते विचारतात. मिरची कशी निवडली आणि तिच्यातल्या पाण्याचे काय केले, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज तेच सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर सिल्लोड तालुक्यातले. सिल्लोड आणि शेजारचा भोकरदन हा सगळा पट्टा हिरव्या मिरचीचा. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हंगामात मिरचीच्या गाड्या भरभरून बाहेर जातात. अण्णांच्या शेतात दीड-दोन एकर मिरची असे आणि तोडणीच्या दिवसांत शाळेत जाण्याआधी आम्ही भावंडे दोन तास तोडायला जात असू. मिरची देठासकट तोडायची, हा तिथला पहिला धडा होता. देठ निघाला की तिथे उघडे तोंड राहते, त्यातून पाणी उडत जाते आणि दोन दिवसांत मिरची मऊ पडते. अशी मिरची व्यापारी बाजूला काढतो आणि मग ती घरच्या ठेच्यात जाते. दुसरा धडा झाडाचा. ज्या झाडावर कोकडा पडला, म्हणजे पाने आकसून वरच्या बाजूला वळली, त्या झाडाची फळे आखूड आणि वाकडी निघतात, आणि वाकडी मिरची भरता येत नाही, कारण तिला सरळ चीर देताच येत नाही. सासर लातूरचे. करडईचे तेल, काळा मसाला आणि येसर यांचा सराव मला इथे आल्यावर झाला. माझ्या हातची भरली मिरची ही या दोन घरांची मिळून झालेली आहे.

भरण्याजोग्या मिरच्या आमच्या बाजारात मुख्यतः दोन. एक ढोबळी, जिला बाजारात सगळे शिमलाच म्हणतात, आणि दुसरी लांब, जाडसर, फिकट पोपटी रंगाची भजीची मिरची, जिला काही जण भावनगरी म्हणतात. रोजच्या फोडणीची बारीक मिरची भरण्याच्या कामाची नाही. तिची साल पातळ, पोकळी अरुंद, आणि सारणापेक्षा तिखटच अधिक. ढोबळी आणि भजीची या दोघींत खरा फरक सालीच्या जाडीचा आहे. ढोबळीची भिंत जाड असते आणि शंभर ग्रॅम ढोबळीत नव्वद ग्रॅमांहून अधिक पाणी असते. तिला शिजायला वेळ लागतो, आणि त्या वेळात ती हे पाणी आत आणि बाहेर सोडत राहते. भजीच्या मिरचीची साल पातळ, त्यामुळे ती चटकन मऊ होते आणि पाणीही थोडेच सोडते. म्हणून एकच सारण दोघींना चालत नाही. घरून सारण ठरवून निघायचे आणि बाजारात मिळेल त्या मिरचीत ते भरायचे, ही सवय मी सोडून दिली आहे. आधी मिरची पाहते, सारण घरी येताना ठरते.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या परिसरात रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी कित्येक वर्षे मिरची घेते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी ढोबळी अंगठ्याने दाबून पाहत होते, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला होता. “ताई, दाबून काय कळतंय? उचलून बघा की. हाताला जड लागली म्हंजे ताजी.” हे अगदी खरे आहे. सारख्या आकाराच्या दोन मिरच्या दोन तळहातांवर घेतल्या की जड असते ती पाण्याने भरलेली आणि जाड भिंतीची असते. हलकी असते तिने तोडल्यापासून बरेच पाणी गमावलेले असते किंवा तिची भिंतच पातळ असते. त्यानंतर देठ पाहावा. देठ हिरवा, ओलसर आणि टणक असावा; तो तपकिरी होऊन सुरकुतला असेल, तर साल कितीही चकचकीत दिसली तरी मिरची आठवड्यापूर्वीची आहे असे समजावे, कारण सालीवर पाण्याचा हबका मारून चकाकी आणता येते, पण देठ पुन्हा हिरवा करता येत नाही. देठाच्या भोवतीचे खांदे भरलेले आणि घट्ट असावेत. सुरकुती पडायला सुरुवात तिथूनच होते. दोन मिरच्या एकमेकींवर घासल्या की ताज्या मिरचीचा करकर असा आवाज येतो. आणि सगळ्यात शेवटी, देठाजवळ किंवा पाकळ्यांच्या खाचेत सुईच्या टोकाएवढे छिद्र नाही ना, हे फिरवून पाहावे; ते असेल तर आत अळी आहे किंवा होऊन गेलेली आहे, आणि भरायच्या मिरचीत ती कापल्यावरच दिसते.

आकाराबद्दल माझे मत ठाम आहे. शेडनेटमधली किंवा पॉलिहाऊसमधली दीडशे-दोनशे ग्रॅमची ढोबळी दिसायला देखणी असते, पण भरण्यासाठी ती घेऊ नये. एवढ्या मोठ्या मिरचीची भिंत शिजेपर्यंत बाहेरचा भाग गळून जातो, आतले सारण पावशेराच्या घरात जाते, आणि ताटात वाढल्यावर ती एकट्याने संपवता येत नाही. सत्तर-ऐंशी ग्रॅमची, मुठीत मावेल अशी मिरची हवी. आणि सगळ्या सारख्या हव्यात, नाहीतर कढईत लहान गळतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. ढोबळीला आमच्याकडची थंडी मानवते; उन्हाळ्यात तापमान वाढले की तिची फुले गळतात, त्यामुळे उघड्या रानातली चांगली ढोबळी मार्गशीर्ष ते माघ या काळात मिळते आणि मला हवी तशी लहान, जाड आणि जड मिरची त्याच दिवसांत सापडते. लाल-पिवळ्या मिरच्या म्हणजे झाडावर पूर्ण पिकू दिलेल्या मिरच्या. त्या गोड असतात, म्हणून त्यांत गूळ घालू नये. मी त्या भरण्यासाठी क्वचितच घेते. काळ्या मसाल्याला हिरव्या मिरचीचा थोडा कडवट, रानटी वासच चांगला साथ देतो.

मोबाईलवर एक संदेश दर काही महिन्यांनी फिरत असतो की, तळाला तीन उंचवटे असलेली ढोबळी नर असते आणि ती शिजवण्यासाठी घ्यावी, चार उंचवट्यांची मादी असते, तिच्यात बिया जास्त असतात आणि ती कच्ची खावी. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तो मोठ्या विश्वासाने मला वाचून दाखवला होता. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि फळ म्हणजे त्या फुलाचे पक्व झालेले बीजांडकोश. त्यामुळे फळात नर-मादी असा भेदच नसतो. उंचवटे किती येतील हे वाणावर आणि फळ धरताना हवामान कसे होते यावर ठरते. त्या दिवशी आम्ही दोघींनी सहा मिरच्या कापून पाहिल्या आणि बियांचा उंचवट्यांशी काही मेळ बसला नाही. तरीही मी चार उंचवट्यांची मिरची शोधते. त्याचे कारण एवढेच की ती कढईत सरळ उभी राहते आणि तीन उंचवट्यांची कलंडते.

भजीची मिरची निवडताना पाहायच्या गोष्टी वेगळ्या. ती सरळ असावी, दोन्ही बोटांत धरून किंचित वाकवली तर ताठ राहावी आणि अधिक वाकवली तर कट्‌ असा आवाज करून तुटावी; रबरासारखी वाकत राहिली तर ती शिळी आहे. तिच्या तिखटपणाचा मात्र आधी अंदाज घ्यावा लागतो, कारण एकाच पाटीत गोडसर आणि जाळ अशा दोन्ही मिरच्या निघतात. मिरचीतला तिखट घटक म्हणजे कॅप्सेसिन, आणि तो बियांमध्ये तयार होत नाही, ज्या पांढऱ्या स्पंजासारख्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात तयार होतो. बियांना तो केवळ चिकटून लागतो. हा गाभा देठाच्या बाजूला सर्वाधिक असतो. त्यामुळे टोकाचा तुकडा चाखून मिरची गोड आहे असे ठरवणे फसवे आहे. देठाजवळच्या गाभ्याची कणभर चव घ्यावी. पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची मिरची अधिक तिखट होते, हे अण्णा नेहमी सांगत आणि उन्हाळी तोडणीत त्याचा अनुभव येई. ढोबळीत मात्र हा घटक जवळजवळ तयारच होत नाही, तिची जातच तशी आहे, म्हणून तिचा गाभा काढायचा तो तिखटासाठी नव्हे, जागा व्हावी म्हणून.

गाभा काढताना हातांची काळजी घ्यावी. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. भजीच्या पंचवीस मिरच्या साफ करून हात नुसते पाण्याने धुतले, तर जळजळ हातभर पसरते आणि रात्री डोळ्याला हात लागला की रडू येते. हाताला चमचाभर तेल चोळावे, ते कोरड्या कपड्याने पुसावे आणि मग साबणाने धुवावे. जिभेला झोंबले तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे, हेही त्याचमुळे.

आता पाण्याकडे येते, कारण खरा धडा मला त्यानेच शिकवला. नणंदेच्या मुलीचे डोहाळजेवण आमच्या घरी होते आणि मी चाळीस ढोबळ्या मिरच्या भरायला घेतल्या होत्या. मिरच्या मोठ्या होत्या, वेळ कमी होता, आणि सारणाच्या बेसनाला मी नुसती गरम फोडणी घालून, पाण्याचा हात लावून ते कच्चेच भरले. पंचवीस मिनिटे झाकण ठेवून शिजवले. मिरच्या गळून फाटल्या, कढईच्या तळाशी हिरवट पाणी साचले आणि आतले पीठ मात्र पिवळे, ओले आणि कच्च्या वासाचे राहिले. सासूबाईंनी एक मिरची उलगडून पाहिली आणि एवढेच विचारले, “पीठ आधी भाजलं नव्हतंस का?” मग त्यांनी स्वतः सगळे सारण चमच्याने खरवडून लोखंडी कढईत घेतले, तेल सोडून ते अर्धा तास परतले, मिरच्यांचे तुकडे करून त्यात टाकले, आणि पाहुण्यांपुढे पीठ पेरून केलेली ढोबळीची भाजी गेली. ती चांगली झाली होती. भरली मिरची म्हणून ती कोणी ओळखली नाही.

हे असे का झाले, याचा उलगडा मला नंतर झाला. मिरचीच्या पोटात जोवर पाणी आहे, तोवर आतले तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. आच कितीही वाढवली तरी आतले सारण फक्त वाफवले जाते. बेसनाचा, दाण्यांचा, तिळाचा खमंगपणा मात्र भाजल्याने येतो, आणि भाजण्याची ती क्रिया त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला आणि कोरड्या उष्णतेत होते. म्हणजे जो खमंगपणा हवा, तो मिरचीच्या बाहेर, कढईत, आधीच आणावा लागतो. मिरचीच्या आत गेल्यावर सारण भाजले जाण्याची संधी संपली. माझ्या सासूबाईंना तापमानाची ही गणिते ठाऊक नव्हती, पण पीठ भाजताना त्या कधी घाई करीत नसत.

सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आठ ढोबळ्यांसाठी मी एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घेते. ते शक्यतो गिरणीतून थोडे जाडसर दळून आणलेले असावे. फार बारीक पीठ ओले झाले की चिकटते. मंद आचेवर, दोन चमचे करडईचे तेल सोडून, ते आठ-दहा मिनिटे परतायचे. आधी कच्चा, गवतासारखा वास येतो, मग तो नाहीसा होतो, आणि मग अचानक बेसनाच्या लाडवाची आठवण व्हावी असा वास सुटतो. तिथे थांबायचे. त्यात अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, भाजून भरड केलेले दोन चमचे तीळ, तेवढेच भाजलेले किसलेले सुके खोबरे, दीड चमचा काळा मसाला, हळद, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि भरपूर चिरलेली कोथिंबीर घालायची. कधी कारळे असतील तर तीही भाजून कुटून घालते. कांदा घालायचा असेल तर तो आधी परतून पूर्ण कोरडा करून घ्यावा. कच्चा कांदा म्हणजे सारणात लपवून ठेवलेले पाणीच. चिंचेचा दाट कोळ एक चमचा पुरतो. हे सगळे मिसळल्यावर मुठीत दाबले तर मुटका बांधला जावा आणि बोटाने टिचकी मारली तर तो फुटावा. कोरडे वाटते म्हणून पाणी घालायचा मोह होतो, तो आवरावा. जे पाणी हवे ते मिरची स्वतः देते, आणि भाजलेले पीठ व दाण्याचे कूट ते पिऊन बरोबर ओलसर होतात. बटाट्याचे सारण मुलांसाठी मीही करते, पण उकडलेल्या बटाट्यात आधीच पाणी असते, तो मिरचीचे पाणी शोषत नाही, म्हणून जाड ढोबळीत ते गिळगिळीत लागते. बटाटा भजीच्या मिरचीत ठीक.

मिरचीचा देठाकडचा भाग गोल कापून टोपणासारखा काढावा, गाभा बोटाने मोकळा करून ओढून घ्यावा. नंतर आतल्या भिंतीला चिमूटभर मीठ चोळून मिरच्या ताटात पंधरा मिनिटे उपड्या ठेवाव्यात. मीठ भिंतीतले पाणी बाहेर ओढते आणि ताटात थेंब थेंब साचते. एवढे पाणी सारणापासून वाचले असे समजावे. हे केले तर सारणातले मीठ थोडे कमी करावे. भरताना मिरची पाऊण भरावी. पीठ फुगते, वाफेला जागा लागते, आणि गच्च दाबलेली मिरची बाजूने फाटते.

शिजवण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई हवी. तीन चमचे तेल तापवून मोहरी-जिरे तडतडले की मिरच्या आडव्या ठेवून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे सगळीकडून फिरवायच्या, म्हणजे सालीवर तांबूस फोड येतात. मग मिरच्या उभ्या करायच्या, आच मंद करायची आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून त्या ताटलीत पेलाभर पाणी ओतायचे. ही मराठवाड्यातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या सगळ्याच जुन्या स्वयंपाकघरांतली रीत आहे, आणि तिच्यामागे चांगले कारण आहे: पाण्याने ताटली थंड राहते, वाफ तिच्या तळाला लागून पुन्हा थेंब होते आणि कढईत परत पडते. मिरची स्वतःच्याच वाफेत शिजते, वरून पाणी घालावे लागत नाही आणि बुडाला लागतही नाही. आठ-दहा मिनिटांनी ताटली काढायची. ती काढताना आडवी न करता सरळ वर उचलावी, नाहीतर तळाला लोंबणारे सगळे थेंब मिरच्यांवर सांडतात.

या टप्प्यावर मी डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबते. मिरची टाकल्यावर प्रथम मोठा चर्र आवाज येतो, झाकण ठेवल्यावर तो मंदावून बुडबुड असा होतो, कारण तळाशी पाणी जमलेले असते. झाकण काढून आच थोडी वाढवली की ती बुडबुड हळूहळू आटते आणि चार-पाच मिनिटांत पुन्हा कोरडा, बारीक चर्र आवाज सुरू होतो. तळाशी आता फक्त तेल उरले आहे, हा त्याचा अर्थ. त्याच क्षणी आच बंद करायची. भाजी पाच-दहा मिनिटे तशीच ठेवली की सारण घट्ट बसते, आणि मग वाढताना मिरची सांडत नाही.

रंगाविषयी एक गोष्ट. झाकणाखाली बराच वेळ राहिलेली हिरवी मिरची शेवाळी, मळकट होते, आणि आंबट पदार्थ असला तर लवकर होते, कारण उष्णता आणि आम्ल यांनी हरितद्रव्याचे स्वरूप बदलते. आंबटाचा दुसरा परिणाम असा की भाजी मऊ होणे लांबते. म्हणून चिंच सारणातच आणि बेताने घालावी. रस्सा करायचा असेल तर चिंचेचा कोळ मिरची शिजल्यानंतरच रश्शात सोडावा. पूर्वी मी तो आधी घालत असे आणि मिरची का शिजत नाही म्हणून आच वाढवत बसत असे.

भजीच्या मिरचीला कढईपेक्षा तवा बरा. दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी जागा सोडून एकच उभी चीर द्यावी, चमच्याच्या मागच्या टोकाने गाभा काढावा, आणि तिची साल पातळ असल्याने सारण ढोबळीपेक्षा किंचित ओलसर ठेवावे. एक चमचा दही पुरते. तव्यावर तेल सोडून चिरेची बाजू वर ठेवून झाकण द्यायचे, चार मिनिटांनी झाकण काढून उलटायचे. सात-आठ मिनिटांत काम होते. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर दोन मिरच्या पुरतात, त्या भाकरीवरच ठेवून खाव्यात, कारण तेल भाकरीत उतरते.

रश्शातली भरली मिरची हा लातूरच्या घरातला प्रकार. भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि खोबरे बारीक वाटून, त्यात चिंच-गूळ घालून केलेल्या दाट रश्शात तव्यावरच्या मिरच्या सोडायच्या. ज्यांनी हैदराबादचे मिरचीचे सालन खाल्ले आहे त्यांना हे वाटण लगेच ओळखू येईल. तिथेही शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच हेच चार आधार. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांतला हा सारखेपणा मला त्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. आमच्याकडचा फरक एवढा की रस्सा पातळ वाटला तर त्यात चमचाभर येसर लावतात. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ रश्शाला दाटपणा देते आणि भाजल्याचा वासही देते.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली, आणि आपल्या मिरीवरून तिला मिरची हे नाव मिळाले. ज्या मेक्सिकोत ती हजारो वर्षे पिकते, तिथली भरण्याची रीत मी गेल्या वर्षी करून पाहिली. तिथे पोब्लानो नावाची गडद हिरवी, रुंद मिरची थेट जाळावर धरून साल काळी होईपर्यंत भाजतात, मग झाकून ठेवतात, म्हणजे आतल्या वाफेने साल सुटते, आणि ती सोलून गर तेवढा भरतात. पुएब्ला शहराची त्यातली एक मिरची, चिलेस एन नोगादा, अक्रोडाच्या पांढऱ्या रश्शात बुडवून वर डाळिंबाचे दाणे घालून वाढतात. हिरवा, पांढरा आणि लाल हे त्यांच्या झेंड्याचे रंग, आणि ती प्रामुख्याने १६ सप्टेंबरच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होते. आपल्या मुक्तिदिनाच्या आदल्याच दिवशी हे येते, याचे मला फार अप्रूप वाटले. मी गॅसच्या आचेवर ढोबळ्या अशा भाजल्या, पातेल्याखाली दहा मिनिटे झाकल्या, सोलल्या, आणि परतलेला कांदा व कुस्करलेले पनीर भरून तव्यावर हलक्या शेकल्या. दातांत अडकणारी साल निघून गेल्याने आमच्या सासूबाईंना, ज्यांना आता चावायला त्रास होतो, ती मिरची सहज खाता आली. मात्र यासाठी मिरची जाड भिंतीचीच हवी. पातळ सालीची मिरची सोलताना चिंध्या होऊन हातात येते. भजीच्या मिरचीवर मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आणि एक मिरची अशी आहे की जिच्यातले सगळेच पाणी काढायचे असते. चैत्र-वैशाखात माहेरी सांडगी मिरची होते. मध्यम तिखट, जाडसर मिरच्यांना उभी चीर देऊन त्यात भरड धने, मेथी, जिरे, हिंग आणि मीठ भरतात, रात्रभर आंबट ताकात बुडवून ठेवतात, दिवसभर उन्हात घालतात, आणि संध्याकाळी पुन्हा ताकात. तीन-चार दिवसांत ताक संपते, सगळे मिरचीच्या पोटात जिरते, आणि मग चाळिशीपार गेलेल्या आमच्या उन्हात त्या कडकडीत वाळवायच्या. माय त्या वाळल्या की नाही हे डबा कानाशी नेऊन हलवून पाहते. खुळखुळ आवाज आला तरच झाकण लावते, दबका आला तर अजून एक दिवस ऊन देते. यंदाचा डबा परवा लातूरला पोहोचला. काल रात्री चार मिरच्या तेलात सोडल्या, दहा-पंधरा सेकंदांत त्या फुगून गडद तपकिरी झाल्या, आणि ज्वारीच्या कण्या व ताकाबरोबर आम्ही त्या चुरून खाल्ल्या.